सर्व्हरवर नवा डेटाबेस बनवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबईतल्या लहान ऑफिसांचे डेटाबेस सांभाळणं हा माझा धंदा. एक पतसंस्था, एक वाचनालय, दोन-चार सोसायट्या आणि दादरच्या फूलबाजारातला एक आडत्या, असे लोक. नवा डेटाबेस बनवायचा असला की फोन येतो, आणि सूर बहुतेक वेळा एकच असतो: "एकच तर ओळ लिहायची आहे, पटकन सांग ना." ओळ खरंच एकच असते. पण त्या ओळीत जे ठरवायचं राहून जातं, त्याचे फोन पुढे वर्षभर येतात. म्हणून ते प्रश्न इथे उत्तरांसकट लिहून ठेवले आहेत. कमांड इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप अर्थातच रोमनमध्ये करायच्या.

सर्व्हर, इन्स्टन्स, डेटाबेस, स्कीमा... यातलं मला नक्की काय बनवायचं आहे?

हा गोंधळ तुमचा नाही, कंपन्यांनी घातलेला आहे. एकच शब्द प्रत्येकाने वेगळ्या अर्थाने वापरला.

इथे सर्व्हर म्हणजे डेटाबेस सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि इन्स्टन्स म्हणजे त्याची चालू असलेली एक प्रत. पोस्टग्रेस, मायएसक्यूएल, एसक्यूएल सर्व्हर आणि ओरॅकल ही अशी चार सॉफ्टवेअरं. सर्व्हरला चाळ समजा. पोस्टग्रेसमध्ये प्रत्येक डेटाबेस म्हणजे दार लावलेलं बिऱ्हाड. एका बिऱ्हाडात बसून शेजारच्या कपाटाला हात लावता येत नाही. दोन डेटाबेसांतली टेबलं (नोंदींचे तक्ते) एका क्वेरीत, म्हणजे सर्व्हरला विचारलेल्या एका प्रश्नात, जोडायची तर फॉरेन डेटा रॅपरसारखी वेगळी सोय करावी लागते. बिऱ्हाडाच्या आत स्कीमा नावाच्या खोल्या. युजर मात्र बिऱ्हाडाचे नसतात, चाळीचे असतात. एकदा बनवलेला युजर सगळ्या डेटाबेसांना ओळखीचा असतो.

मायएसक्यूएलमध्ये सामाईक गॅलरी आहे. तिथे डेटाबेस आणि स्कीमा हे एकाच वस्तूचे दोन शब्द, 'क्रिएट स्कीमा' लिहिलंत तरी डेटाबेसच बनतो. हक्क असला की एकाच क्वेरीत दोन डेटाबेसांतली टेबलं खुशाल जोडा. एसक्यूएल सर्व्हरमध्येही असं जोडता येतं, पण तिथे प्रत्येक डेटाबेसच्या पोटात पुन्हा स्कीमा असतात.

ओरॅकलचं गणितच निराळं. तिथे 'क्रिएट डेटाबेस' म्हणजे अख्खी चाळ बांधायला घेणं. तुम्हाला जे हवं असतं ते बहुतेक वेळा 'क्रिएट युजर'ने मिळतं, कारण तिथे युजर बनला की त्याच्या नावाचा स्कीमा बनतो. १२सी आवृत्तीपासून प्लगेबल डेटाबेस आले, त्यामुळे एका मोठ्या डेटाबेसच्या पोटात लहान डेटाबेस ठेवण्याची सोय झाली.

दुसऱ्या कुणाच्या सूचना वाचून काम करत असाल, तर त्या कोणत्या सर्व्हरसाठी लिहिल्या आहेत ते आधी बघा. अर्धे घोटाळे तिथेच टळतात.

आमच्या सोसायटीचे चाळीस सभासद. डेटाबेस हवाच का?

नको. एक्सेल वापरा आणि सुखी राहा. एकाच वेळी दोन-तीन माणसं नोंदी करणार असतील, किंवा कुणी काय पाहायचं आणि कुणी काय बदलायचं यावर बंधन हवं असेल, तेव्हा या भानगडीत पडा.

बरं, ती एक ओळ सांगा.

मायएसक्यूएलमध्ये:

क्रिएट डेटाबेस पतपेढी कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४;

पोस्टग्रेसमध्ये:

क्रिएट डेटाबेस पतपेढी ओनर पतपेढी_अ‍ॅप एन्कोडिंग 'यूटीएफ८' टेम्प्लेट टेम्प्लेट०;

पोस्टग्रेसमध्ये मालक होणारा युजर आधी बनवून ठेवावा लागतो. कॅरेक्टर सेट किंवा एन्कोडिंग म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची त्याची पद्धत. टेम्प्लेट०चा खुलासा पुढे येतोच. एसक्यूएल सर्व्हरमध्ये नुसतं 'क्रिएट डेटाबेस पतपेढी' पुरतं. मागे दोन फाइली तयार होतात, डेटाची एमडीएफ आणि लॉगची एलडीएफ. ही लॉगची फाइल लक्षात ठेवा. डेटाबेस फुल रिकव्हरी मोडमध्ये, म्हणजे बॅकअप होईपर्यंत बदलांचा लॉग न पुसणाऱ्या सेटिंगवर, असेल आणि तुम्ही लॉगचा बॅकअप कधीच घेत नसाल, तर ती फुगत जाते आणि एके दिवशी डिस्क भरते. "डेटा तर एवढासा आहे, मग डिस्क कशी भरली?" या प्रश्नाचं उत्तर मी दरवेळी त्याच फाइलपासून शोधायला लागतो.

'इफ नॉट एक्झिस्ट्स', म्हणजे आधीपासून नसेल तरच बनव, हे मायएसक्यूएलमध्ये लिहिता येतं. पोस्टग्रेसच्या 'क्रिएट डेटाबेस'ला ते कळत नाही. इंटरनेटवरून उचललेली स्क्रिप्ट तिथेच अडखळते.

एंटर मारलं, पण काहीच झालं नाही. चूकही दाखवत नाही.

शेवटचा अर्धविराम राहिला. सर्व्हर तुमचं वाक्य पुरं व्हायची वाट बघत बसला आहे.

पीएसक्यूएल, म्हणजे पोस्टग्रेसला कमांड द्यायची खिडकी, तिथे हे डोळ्यांनी दिसतं. ओळीच्या सुरुवातीला आधी '=#' असतं, अर्धविराम विसरलात की पुढच्या ओळीवर ते '-#' होतं. बरोबरीच्या दोन रेघांची एक रेघ झाली, एवढाच फरक. मायएसक्यूएल बाणासारखं '->' दाखवतो. नुसता अर्धविराम टाका, एंटर मारा, काम होईल. माणसं घाबरून तीच कमांड पुन्हा टाइप करतात, मग दोन वाक्यं एकमेकांत अडकतात आणि सिंटॅक्स एरर येते. आता मी फोनवर पहिला प्रश्न हाच विचारतो: "रेघा किती दिसतायत, एक की दोन?"

पीएसक्यूएल उघडायला गेलो, तर "डेटाबेस अस्तित्वात नाही" म्हणतो. अजून बनवलाच नाही तर असणार कसा!

तुम्ही डेटाबेसचं नाव सांगितलं नाही, म्हणून त्याने तुमच्या युजरच्याच नावाचा डेटाबेस शोधला. 'पोस्टग्रेस' नावाचा डेटाबेस सर्व्हरसोबत येतो. त्यात शिरा आणि तिथून नवा बनवा.

नाव काय द्यावं? मराठीत, देवनागरीत चालेल का?

चालेल. पण देऊ नका. पोस्टग्रेसमध्ये नावाला ६३ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट खातं. म्हणजे काना-मात्रा धरून २१ चिन्हं. तेवढ्यात नाव बसेलही. खरा त्रास रात्री अकरा वाजता होतो, परक्या मशीनवर बॅकअप चालवायचा असतो आणि तिथे मराठी कीबोर्डच नसतो.

रोमन लिपी, सगळी लहान अक्षरं, शब्दांच्या मधे अंडरस्कोर. डॅश नको, तो दिला की सर्व्हर त्याला वजाबाकी समजून चूक दाखवतो. मोठी अक्षरंही नकोत. पोस्टग्रेस अवतरणचिन्हांशिवाय लिहिलेलं नाव लहान करून टाकतो, आणि अवतरणचिन्हांत एकदा मोठं अक्षर दिलंत की जन्मभर अवतरणचिन्हं लिहीत बसावं लागतं. मायएसक्यूएलमध्ये डेटाबेस म्हणजे डिस्कवरचा एक फोल्डर, त्यामुळे विंडोजवर लहानमोठी अक्षरं सारखीच, लिनक्सवर वेगळी. घरच्या लॅपटॉपवर धावणारं अ‍ॅप सर्व्हरवर नेलं की "डेटाबेस सापडत नाही" म्हणतं, ते यामुळे.

अंडरस्कोरची मायएसक्यूएलमध्ये एक मेख आहे. हक्क देताना, म्हणजे 'ग्रँट' कमांड लिहिताना, डेटाबेसच्या नावातला अंडरस्कोर 'कोणतंही एक अक्षर' असा वाचला जातो. 'शाखा_१'वर दिलेला हक्क 'शाखा५१' नावाच्या डेटाबेसलाही लागू पडतो. ग्रँट लिहिताना अंडरस्कोरच्या आधी उलटी तिरकी रेघ द्या.

मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं दिसतायत!

या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, म्हणून जरा सविस्तर.

मी सांभाळतो त्या वाचनालयाची यादी कुणीतरी जुन्या प्रोग्रॅममधून नव्या सर्व्हरवर हलवली होती. काही हजार पुस्तकं. मला बोलावलं तेव्हा पडद्यावर पुस्तकाच्या नावाच्या रकान्यात '????? ????' अशी रांग होती. ग्रंथपालबाई म्हणाल्या, "फॉन्ट टाकून द्या ना." फॉन्टचा संबंधच नव्हता. डेटाबेसमध्ये खरोखरच प्रश्नचिन्हं साठवली गेली होती. मूळ अक्षरं लिहितानाच टाकून दिली होती, आणि जुना संगणक भंगारात गेला होता. दाखल नोंदवही हाताशी होती म्हणून यादी पुन्हा टाइप तरी करता आली.

बिघडलेली मराठी दोन तऱ्हांची असते, तो फरक ओळखायला शिका. नुसती प्रश्नचिन्हं असतील तर मजकूर गेला, परत येणार नाही. पण डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए', पुढे कसलंसं चिन्ह, पुन्हा तोच 'ए', अशी माळ दिसत असेल तर धीर धरा. बाइट बहुतेक वेळा जागेवर असतात, वाचणारा चुकीच्या चष्म्यातून वाचतोय. देवनागरीच्या बहुतेक अक्षरांचा पहिला बाइट एकच असतो, म्हणून तोच 'ए' पुन्हा पुन्हा दिसतो. असा मजकूर नीट करता येतो. घाईने त्यावर नवे बदल मात्र साठवू नका.

हे होऊच नये म्हणून सर्व्हरनुसार काय करायचं ते असं.

मायएसक्यूएलच्या ८.० आवृत्तीआधी काहीच सांगितलं नाही तर नवा डेटाबेस लॅटिन१मध्ये, म्हणजे रोमन अक्षरांपुरत्या एन्कोडिंगमध्ये, बनायचा. म्हणजे मराठीची वाट लागली. ८.० पासून न सांगता यूटीएफ८एमबी४ मिळतं. 'यूटीएफ८' या नुसत्या नावाला मात्र भुलू नका. मायएसक्यूएलमध्ये ते तीन बाइटवर थांबतं. मराठी तीन बाइटात मावते, म्हणून महिनोन्महिने सगळं सुरळीत चालतं, आणि एके दिवशी कुणीतरी शेऱ्याच्या रकान्यात इमोजी टाकतं. इमोजीला चार बाइट लागतात. नोंद अडते, आणि "काल तर चालत होतं" असा फोन येतो. यूटीएफ८एमबी४ची सोय ५.५.३ आवृत्तीपासून आहे, तेव्हा जुना सर्व्हर असला तरी सबब नाही.

एसक्यूएल सर्व्हरमध्ये रकाना एनव्हारचार, म्हणजे कोणत्याही लिपीचा मजकूर ठेवणाऱ्या प्रकारचा, ठेवा, आणि क्वेरीत थेट मजकूर लिहिताना अवतरणचिन्हाच्या आधी मोठा 'एन' द्या. रकाना बरोबर असूनही तो एक 'एन' विसरल्याने प्रश्नचिन्हं साठवली गेलेली मी पाहिली आहेत. २०१९ आवृत्तीपासून यूटीएफ-८चं कोलेशनही (अक्षरांचा क्रम ठरवणारं सेटिंग) मिळतं, पण 'एन'ची सवय सोडू नका.

पोस्टग्रेसमध्ये एन्कोडिंग डेटाबेस बनवतानाच ठरतं आणि नंतर बदलता येत नाही. बदलायचं तर नवा डेटाबेस बनवून सगळा डेटा त्यात हलवायचा. मायएसक्यूएलमध्ये 'ऑल्टर डेटाबेस' आहे, पण तो फक्त पुढे बनणाऱ्या टेबलांना लागू होतो. आधीची टेबलं एकेक करून बदलावी लागतात.

आणि डेटाबेस बनल्या बनल्या एक तपासणी करा. लहानसं टेबल बनवून त्यात 'दऱ्या, क्ष, ळ, ज्ञानेश्वर' एवढं लिहा, पुढे फुलाचा इमोजी टाका. तुमच्या अ‍ॅपमधूनच लिहा आणि अ‍ॅपमधूनच वाचा. अ‍ॅप आणि सर्व्हर यांच्यातलं कनेक्शनही आपलं एन्कोडिंग घेऊन येतं, आणि चूक तिथेही असू शकते.

रकान्याला २० ची लांबी दिली. 'चंद्रशेखर' त्यात मावत नाही म्हणतो. एवढं लांब नाव आहे का हे?

ओरॅकल वापरताय ना? तिथे व्हारचार२ची, म्हणजे मजकुराच्या रकान्याची, लांबी, वेगळं काही सांगितलं नाही तर, बाइटमध्ये मोजतात. 'चंद्रशेखर' सुटं करा: च, अनुस्वार, द, हलन्त, र, श, मात्रा, ख, र. नऊ चिन्हं, प्रत्येकी तीन बाइट, एकूण सत्तावीस. विसात कसं मावणार? लांबीपुढे 'चार' हा शब्द लिहा, म्हणजे तो चिन्हं मोजेल. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल मुळातच चिन्हं मोजतात. पण तिथेही मात्रा आणि हलन्त वेगळे धरले जातात हे विसरू नका. 'क्ष' आपल्याला एक अक्षर, डेटाबेसला तीन चिन्हं.

सभासदांची यादी अकारविल्हे लावली, तर काळे काशीदांच्या आधी आले. बरोबर आहे का?

शाळेतला तक्ता आठवा: य र ल व श ष स ह ळ क्ष ज्ञ. 'ळ' ह-नंतर. म्हणजे मराठी क्रमाने काशीद, कासार, काळे. युनिकोडने मात्र 'ळ'ला 'ल'च्या लगेच पुढची जागा दिली आहे. सर्व्हर नुसते आकडे बघून क्रम लावत असेल, म्हणजे 'सी' कोलेशन असेल, तर काळे वर चढतात. क्षीरसागरही तसेच, तक्त्याप्रमाणे शेवटी यायचे ते 'क'च्या गर्दीत येऊन बसतात.

हा क्रम ज्या सेटिंगने ठरतो त्याला कोलेशन म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये डेटाबेसचं मूळ कोलेशनही बनवतानाच ठरतं. १५ आवृत्तीपासून अख्ख्या डेटाबेससाठी आयसीयू या युनिकोड लायब्ररीचा मराठी लोकेल (त्या भाषेचे नियम) निवडता येतो, आणि तो निवडायचा तर टेम्प्लेट० लिहावंच लागतं. माझा सल्ला: पाच-सहा अवघड आडनावं घालून क्रम स्वतः बघा आणि मग पुढे जा. ते शक्य नसेल तर डेटाबेस आहे तसा बनवा आणि ज्या क्वेरीत यादी छापायची त्या क्वेरीपुरतं कोलेशन सांगा. पतसंस्थेच्या वार्षिक सभेची छापील यादी सोडली तर हा क्रम फारसं कुणी तपासत नाही. पण त्या सभेत एक तरी काळे हजर असतातच.

टेम्प्लेट० आणि टेम्प्लेट१ काय प्रकार आहे?

पोस्टग्रेस नवा डेटाबेस कोऱ्या पाटीवर बनवत नाही, जुन्याची नक्कल काढतो. काही सांगितलं नाही तर टेम्प्लेट१ची. त्यामुळे कुणी चुकून टेम्प्लेट१मध्ये टेबल बनवून ठेवलं असेल, तर ते तुमच्या प्रत्येक नव्या डेटाबेसमध्ये आयतं हजर. "मी न बनवलेलं टेबल कुठून आलं?" याचं उत्तर हे. टेम्प्लेट० ही हात न लावलेली मूळ प्रत, एन्कोडिंग किंवा लोकेल बदलून हवा असेल तर तीच वापरावी लागते. रिकामा डेटाबेससुद्धा सात-आठ एमबी जागा घेतो, तेही या नकलेमुळेच.

नक्कल चालू असताना मूळ डेटाबेसला दुसरं कुणी जोडलेलं चालत नाही. "टेम्प्लेट१ दुसरे युजर वापरत आहेत" अशी चूक आली, तर एखादी खिडकी त्याला जोडून उघडी राहिली असेल ती बंद करा. आणखी एक: 'क्रिएट डेटाबेस' ही कमांड ट्रान्झॅक्शनच्या आत, म्हणजे एकत्र पक्क्या होणाऱ्या कमांडांच्या गठ्ठ्यात, चालत नाही. काही टूल सगळ्या ओळी आपोआप ट्रान्झॅक्शनमध्ये गुंडाळतात, तिथे ऑटोकमिट (प्रत्येक ओळ लगेच पक्की करणं) चालू करावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये टेम्प्लेटचं हेच काम 'मॉडेल' नावाचा डेटाबेस करतो.

युजरला डेटाबेसवर सगळे हक्क दिले, तरी टेबल बनवायला गेलं की पब्लिक स्कीमावर परवानगी नाही म्हणतो.

२०२२ मध्ये पोस्टग्रेसची १५ आवृत्ती आली तेव्हापासूनचा हा फोन. त्याआधी कुणीही यावं आणि पब्लिक स्कीमात, म्हणजे प्रत्येक डेटाबेसमध्ये आयत्या असलेल्या खोलीत, टेबल बनवावं, असा कारभार होता. १५ मध्ये ते बंद केलं. चांगलंच केलं.

आणि 'सगळे हक्क' या शब्दांवर जाऊ नका. डेटाबेसवर 'ग्रँट ऑल' दिलं की मिळतं काय? आत शिरण्याचा हक्क, नवा स्कीमा बनवण्याचा आणि तात्पुरती टेबलं बनवण्याचा. बिऱ्हाडाची किल्ली मिळाली, खोल्यांची नाही. सरळ मार्ग म्हणजे डेटाबेस बनवतानाच अ‍ॅपच्या युजरला मालक करा. पब्लिक स्कीमा डेटाबेसच्या मालकाकडे असतो, त्यामुळे प्रश्नच मिटतो. डेटाबेस आधीच बनला असेल तर त्याच डेटाबेसमध्ये शिरून पब्लिक स्कीमावर 'क्रिएट'चा हक्क द्या. दुसऱ्याच डेटाबेसमध्ये बसून ग्रँट लिहिणं आणि "दिला तरी चालत नाही" म्हणणं, हेही नेहमीचंच.

उलट बाजूही पाहा. पोस्टग्रेसमध्ये नव्या डेटाबेसला जोडण्याचा हक्क सुरुवातीला सगळ्या युजरना असतो. एकाच सर्व्हरवर दोन संस्थांची कामं असतील, तर डेटाबेस बनवल्यावर 'पब्लिक'कडून, म्हणजे इथे सगळ्या युजरकडून, 'कनेक्ट'चा हक्क काढून घ्या.

मायएसक्यूएल ८ मध्ये आधी 'क्रिएट युजर', मग 'ग्रँट'. पूर्वी ग्रँटच युजर बनवून टाकायचा, ते आता होत नाही. आणि तिथे युजर म्हणजे नाव आणि ठिकाण मिळून. लोकलहोस्टवरचा 'अ‍ॅप' आणि टक्केचिन्हाचा, म्हणजे कुठूनही येणारा 'अ‍ॅप', ही दोन वेगळी माणसं आहेत. त्यांचे पासवर्डही वेगळे असू शकतात.

अ‍ॅपला रूटचा किंवा पोस्टग्रेस युजरचा, म्हणजे सर्वाधिकारी युजरचा, पासवर्ड देऊ नका. कारण विचारू नका, देऊ नका.

सर्व्हरवर बसून चालतं, शेजारच्या टेबलावरच्या मशीनवरून जोडलं जात नाही.

डेटाबेसचा दोष नाही. सर्व्हर फक्त स्वतःच्याच मशीनचं ऐकतोय. मायएसक्यूएलमध्ये बाइंड-अ‍ॅड्रेस बघा, पोस्टग्रेसमध्ये लिसन-अ‍ॅड्रेसेस आणि पीजी-एचबीए ही कुणाला आत घ्यायचं ते लिहिलेली फाइल. मग फायरवॉलमध्ये पोर्ट: मायएसक्यूएलचा ३३०६, पोस्टग्रेसचा ५४३२, एसक्यूएल सर्व्हरचा १४३३. ऑफिसच्या नेटवर्कपुरताच उघडा. साऱ्या जगाला उघडलात तर पासवर्ड चाचपणारे तासाभरात दारात येतात.

क्लाउडवर 'क्रिएट डेटाबेस'चं बटण दाबलं, दहा मिनिटं थांबलो, तरी अ‍ॅप म्हणतं डेटाबेस नाही.

अ‍ॅमेझॉनच्या आरडीएस या डेटाबेस-सेवेवर ते बटण दाबून तुम्ही सर्व्हर बनवला. फॉर्मच्या अगदी तळाशी, जादा सेटिंगच्या घडीत, सुरुवातीच्या डेटाबेसचं नाव टाकायचा रकाना असतो. तो कोरा ठेवलात तर तुमचा डेटाबेस बनत नाही. आता सर्व्हरला जोडून घ्या आणि वरचीच ओळ चालवा.

दुसरी शक्यता, तुम्ही वेगळ्या रीजनमध्ये, म्हणजे क्लाउडच्या वेगळ्या प्रदेशात, बघताय. अ‍ॅमेझॉनचा मुंबई रीजन २०१६ पासून आहे, पण पडद्यावर निवड भलत्याच रीजनची असली तर मुंबईतला सर्व्हर यादीत दिसतच नाही. असाच एकाने घाबरून दुसरा बनवला आणि दोन्हींचं बिल भरलं. डेटाबेस रिकामा असला तरी सर्व्हर चालू आहे तोवर मीटर पडत राहतो. आरडीएस थांबवून ठेवलात तरी सात दिवसांनी तो आपोआप चालू होतो, आणि मधल्या काळात साठवणीचे पैसे लागतातच.

सर्व्हरची वेळ आत्ताच लावायची का? ते नंतर बघू ना.

आत्ताच लावा. फूलबाजाराचा किस्सा सांगतो. आडत्याचा धंदा पहाटेचा. दादरला गाड्या उतरतात, झेंडू, शेवंती, गुलछडी, आणि उजाडायच्या आत अर्धा माल विकलेला असतो. सर्व्हर क्लाउडवर, घड्याळ यूटीसीचं, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेचं. आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, म्हणजे आपले पहाटेचे साडेपाच वाजतात तेव्हा सर्व्हरची तारीख बदलते. मध्यरात्रीपासून साडेपाचपर्यंतची विक्री आदल्या दिवसाच्या खात्यात. एखाद्या कपड्याच्या दुकानाला हे आयुष्यभर कळलं नसतं. इथे दसऱ्याच्या पहाटेचा अख्खा धंदा नवमीच्या रिपोर्टात गेला, आणि शेठ हिशेबाच्या पोरावर संशय घेऊन बसले. पोराचा काही दोष नव्हता. सर्व्हर मी उभा केला होता आणि वेळ लावायला मीच विसरलो होतो.

पोस्टग्रेसमध्ये डेटाबेस बनवल्यावर लगेच 'ऑल्टर डेटाबेस'ने टाइमझोन एशिया/कोलकाता लावा. यादीत मुंबई शोधू नका, नाही. वेळेचे रकाने टाइमझोनसहित असलेल्या प्रकारचे ठेवा. मायएसक्यूएलमध्ये सर्व्हरच्या सेटिंगमध्ये '+०५:३०' लिहिलं तरी भागतं, आपल्याकडे घड्याळं उन्हाळ्यात पुढेमागे करत नाहीत.

साठ क्लायंट आहेत. प्रत्येकाला वेगळा डेटाबेस की एकच?

सीएच्या ऑफिसांतून हा प्रश्न येतो. माझं मत: एकच डेटाबेस आणि प्रत्येक टेबलात क्लायंटचा रकाना. साठ डेटाबेस बनवणं सोपं असतं. पण उद्या एका टेबलात एक रकाना वाढवायचा झाला तर तो साठ ठिकाणी वाढवावा लागतो, आणि एकोणसाठाव्या ठिकाणी वीज जाते. क्लायंटने करारातच लिहून मागितलं असेल, किंवा एखाद्याचा डेटा उचलून त्याच्या हवाली करायची वेळ नक्की येणार असेल, तर वेगळा ठेवा.

टेस्टचा डेटाबेस बनवून त्यात खऱ्या सभासदांचा डेटा टाकू का?

नाही. नावं, मोबाइल, आधार क्रमांक बदलून टाका. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, पण तो नसता तरी उत्तर हेच असतं. टेस्टच्या डेटाबेसचा पासवर्ड ऑफिसात सगळ्यांना पाठ असतो.

बॅकअप कधीपासून?

बनवला त्याच दिवसापासून, रिकामा असतानाच. रिकाम्याचा बॅकअप घ्यायचा आणि दुसऱ्या नावाने परत भरून बघायचा. पाच मिनिटांचं काम आहे, आणि कमांड बरोबर आहे की नाही ते तिथेच कळतं. पीजी-डंप या पोस्टग्रेसच्या बॅकअप कमांडच्या साध्या फाइलमध्ये 'क्रिएट डेटाबेस'ची ओळ नसते, ती हवी तर तसा पर्याय द्यावा लागतो. मायएसक्यूएल-डंपचंही तेच, 'डेटाबेसेस' हा पर्याय दिला तरच ती ओळ येते. परत भरायची वेळ आली की माणसं इथे अडतात.

बॅकअपची डिस्क सर्व्हरच्याच कपाटात ठेवू नका. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर मुंबईकराला हे वेगळं सांगायला नको. हिंदमाताला तळमजल्यावर ऑफिस असेल तर मुळीच नको.

चुकीच्या नावाने बनला. काढून टाकू?

रिकामा असेल तर खुशाल. पण पोस्टग्रेसमध्ये नाव बदलताही येतं, 'ऑल्टर डेटाबेस... रिनेम टू', फक्त त्या वेळी त्या डेटाबेसला कुणी जोडलेलं नको. मायएसक्यूएलमध्ये नाव बदलायची कमांड नाही. नवा बनवा आणि टेबलं तिकडे हलवा.

'ड्रॉप डेटाबेस'ला पूर्ववत करण्याची सोय नाही. कुणी जोडलेलं असेल तर पोस्टग्रेस अडवतो, पण १३ आवृत्तीपासून 'फोर्स' लिहिलं की जोडलेल्यांनाही हाकलून काम उरकतो. मायएसक्यूएल तर विचारतही नाही. म्हणून माझ्याकडे एक पद्धत आहे. ड्रॉपची ओळ लिहायची, अर्धविराम द्यायचा नाही, आणि खिडकी कोणत्या सर्व्हरला जोडलेली आहे ते मोठ्याने वाचायचं. खऱ्या सर्व्हरच्या खिडकीचा रंग मी लाल करून ठेवला आहे. एकदा वाचता वाचता लाल दिसला होता. कंट्रोल-सी दाबलं आणि खाली जाऊन चहा पिऊन आलो.